ज्या खेळात दाखवायला काहीच नव्हतं

अकोल्याच्या जठारपेठेत शफीकभाईंचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान. दुकानाच्या मागच्या भागात पडदा लावून त्यांची पोरगी फलक कॉम्प्युटर घेऊन बसायची. पोरगी इंजिनियर, वय चोवीस, आणि सदा वैतागलेली. वैताग उगीच नव्हता. तिनं मोबाईलवरचा एक खेळ केला होता, एकटीनं, दीड वर्ष खपून. पण तो खेळायला माणसंच येत नव्हती.

खेळ होता बैलबाजाराचा. फलक लहानपणी आजोबांचं बोट धरून अकोटच्या बैलबाजारात जायची. तिथं पुंजाराम दलाल सौदे जमवायचा. खांद्यावरचा मोठा रुमाल काढायचा, घेणाऱ्याचा हात त्याखाली ओढायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. जेवढी बोटं तेवढे हजार. तोंडानं मात्र बोलणं भलतंच चालायचं: पाऊस कुठवर आला, जावई बरा आहे का, यंदा आंबे आंबट निघाले. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. घेणाऱ्याची अब्रू राहायची, विकणाऱ्याचीही.

फलकनं हेच फोनमध्ये आणलं. खेळणारे दोघं, दोन गावांत बसलेले. पडद्यावर नुसता चौकड्यांचा रुमाल. इकडे दोन बोटं टेकवली की तिकडच्या फोनला दोन हिसके बसायचे. पूर्ण पंजा टेकवला की सौदा पक्का.

आता गोम अशी, की एकट्यानं सौदा होत नाही. खेळ उघडणाऱ्याला समोर दुसरा हात लागतो. खेळणारे सगळे मिळून चौदा, तेही एका वेळी कधी येत नसत. कुणी उघडला की पडद्यावर यायचं, 'समोरचा हात शोधत आहे', आणि दोन मिनिटांत माणूस निघून जायचा. म्हणून समोरचा हात फलकच व्हायची. फोन वाजला की पोळी तव्यावर टाकून धावायची. मावसबहिणीच्या निकाहात तिचा उजवा हात बिर्याणीत आणि डावा कुण्या नाशिकवाल्याच्या बैलाच्या सौद्यात होता. मावशी अजून त्यावरून बोलते.

शफीकभाईंनी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायच्या जागेसाठी प्राचार्यांकडे शब्द टाकून ठेवला होता. बापलेकीत ठरलं होतं, की दिवाळीपर्यंत खेळ चालला नाही तर फलकनं तिथं रुजू व्हायचं. मग समोरचा हात व्हायला कोणी उरणार नव्हतं. खेळ मिटलाच म्हणायचा.

तिनं खेळ खेळून व्हिडिओ टाकणाऱ्या एकोणीस जणांना पत्रं लिहिली. अठरा जणांनी उत्तर दिलं नाही. एकोणिसावा बडनेऱ्याचा नितेश. त्याचे व्हिडिओ चाळीस हजार लोक पाहायचे. त्यानं मोठ्या हौसेनं खेळून सात मिनिटांचा व्हिडिओ टाकला. सात मिनिटं पडद्यावर काय? चौकड्यांचा रुमाल. खाली लोकांनी विचारलं, मोबाईल बिघडला का. एकानं रुमालाची किंमत विचारली. नवे खेळाडू आले तीन, त्यातला एक नितेशचा मामा.

नितेश दुकानात येऊन बसला. म्हणाला, ताई, खेळ झकास आहे, पण लोक डोळ्यांनी पाहतात, हिसके त्यांना कसे दाखवू? रुमाल पारदर्शक कर, बोटं दिसू दे, वर आकडा येऊ दे. फलकनं आठ दिवस टाळलं. मग दिवाळी तीन आठवड्यांवर आली, आणि दातओठ खात तिनं रुमाल पारदर्शक केला.

त्याच दिवशी पुंजाराम फोनची बॅटरी बदलायला आला. कापसावर बोंडअळी पडली, ते वर्ष. बाजारात बैल विकणारे रांगेनं उभे आणि घेणारा कुणी नाही, त्यामुळे दलालाला सवडच सवड. फलकनं मोठ्या आशेनं त्याला नवा रुमाल दाखवला. पुंजारामनं फोन जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"हे काय करून राहिली, पोरी? रुमालच फेडला तं मंग राह्यलं काय? भाजीवाल्यावानी वरडूनच सांग ना भाव."

"काका, लोकायले दिसलं पायजे. दिसल्याबिगर येत नाईत."

"बाजारात काय दिसते लोकायले? तरी पन्नास जण उभे राह्यतेच ना? ते काय रुमालाकळे पाह्यते?"

फलक वैतागून म्हणाली, तुम्हीच खेळून दाखवा मग. तिनं जुना रुमाल परत लावला. एक फोन पुंजारामला दिला, दुसरा नितेशला, आणि दोघांना काउंटरच्या दोन बाजूंना बसवलं. नितेशनं आपला कॅमेरा फोनच्या पडद्यावर रोखून ठेवला होता.

पुंजारामनं बोटं टेकवली आणि बडनेऱ्याला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं. फोनला हिसके बसले तसा नितेशचा चेहरा पडला. त्यानं बोटं टेकवली, पुंजारामनं जांभई दिली. नितेशला घाम फुटला. पुंजाराम आपल्या म्हशीच्या पोटदुखीचं सांगू लागला, अगदी सविस्तर. नितेशनं एकदा हसू दाबलं, त्यात तो किती भावापर्यंत जाणार ते उघडं पडलं. दुरुस्तीला आलेली गिऱ्हाईकं काम विसरून जमा झाली होती. आणि त्यातलं एकही फोनकडे पाहत नव्हतं. सगळे तोंडाकडे पाहत होते.

फलकच्या लक्षात आलं आणि आधी तिला स्वतःचाच राग आला. दीड वर्ष बाजार फोनमध्ये आणला, पण बघ्यांना बाजाराबाहेर ठेवलं. तिनं नितेशचा कॅमेरा उचलून दोघांच्या चेहऱ्यांकडे फिरवला.

तो व्हिडिओ नितेशनं तसाच टाकला. अकरा मिनिटं, दोन चेहरे, शेवटी भाव. मधे पाहणाऱ्यांनी अंदाज लावायचा, कोण कुठवर आला. लोक खाली भांडू लागले, मग स्वतः खेळू लागले, मग समोर मित्र बसवून आपापल्या चेहऱ्यांचे व्हिडिओ टाकू लागले. चौथ्या दिवशी फोन वाजलाच नाही, म्हणून फलकनं धसक्यानं तो पाहिला. समोरचा हात शोधत कुणीच थांबलं नव्हतं. तीन हजारांवर माणसं आपसात सौदे करत होती आणि त्यांना तिची गरज नव्हती.

वैताग मात्र संपला नाही. खेळ दिवसातून पाचदा बंद पडू लागला. अर्ध्या लोकांना 'त्या बुढ्यासंगंच' खेळायचं होतं. पुंजाराम रोज दुकानात येऊन बसू लागला आणि चहावर चहा.

दिवाळी चार दिवसांवर आली. शफीकभाईंनी विषय काढला.

"गर्दी तं आग लागल्यावरबी होते, बेटा. टिकते किती दिवस? मी प्राचार्याले काय सांगू?"

टिकते का ते पाहायलाच वेळ पाहिजे, फलक म्हणाली. किती, ते तिनं सांगितलं नाही. तिनं पुंजारामच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, अब्बांचा हात त्याखाली घेतला आणि म्हणाली, एक बोट म्हणजे एक महिना.

शफीकभाई आयुष्यभर बैलबाजार पाहिलेला माणूस. त्यांनी तोंडानं सोल्डरिंगच्या तारेचा भाव काढला. फलकनं आज भाजी कोणती आणायची ते विचारलं. रुमाल हलत राहिला. पोरीचा चेहरा वाचायला शफीकभाई पुढे वाकले, पण तिथं वर्षभराचा वैताग जसाच्या तसा होता. त्यातून आशा कुठे, भीती कुठे, काही कळेना. दोनदा त्यांनी हात सोडवायला पाहिलं. तिसऱ्यांदा सुस्कारा टाकून तिचा पंजा पूर्ण धरला.

त्या दिवाळीनंतर फलक अमरावतीला गेली नाही. महिने किती ठरले ते दुकानात कुणालाच समजलं नाही, आणि त्यानं पुंजाराम फार चिडला.

"रुमाल माहा," तो म्हणाला, "अन् मलेच भाव ठाऊक नाई."