चिठ्ठीखालचा ओरखडा

जानेवारीतल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजता, शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत, मी ओल्या फडक्याने अकरा दगडी पात्यांवरच्या चिठ्ठ्या सोडवल्या. मुख्याध्यापिका समोर उभ्या होत्या.

ही पाती 'भीमेच्या पात्रात सापडलेली, हजारो वर्षांपूर्वीची' असल्याची बातमी सहा महिन्यांपूर्वी मीच दिली होती. माहिती देणारे एक निवृत्त गुरुजी होते. पाती त्यांनीच शाळेला भेट दिली होती. डिसेंबरात पुण्याहून आलेल्या एका अभ्यासक बाईंनी भिंगातून पाहिलं आणि कडा ताज्या, म्हणजे पाती अलीकडेच घडवलेली, असल्याचं सांगितलं. गुरुजींनी लगेच बोट दाखवलं ते राहूच्या एका कारागिराकडे. "नदीत सापडली म्हणून त्यानं दिली. मला फसवलं." दौंडच्या एका कॉलेजात त्याची दगडी हत्यारं घडवण्याची कार्यशाळा ठरली होती. कॉलेजने ती थांबवली.

मलाही कारागिराचाच संशय होता. रविवारी मी राहूला गेलो.

साठीचा माणूस. पूर्वी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बसून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावून ते खरखरीत करून द्यायचा. तरुणपणी एका उत्खननावर मजुरीला होता, तिथे पाती पाहिलेली. बाकीचं मोबाइलवर शिकला. मी गेलो तेव्हा मांडीवर ट्यूबचं रबर टाकून ओट्यावर बसला होता.

"या पेपरवाले. आज कुणाला चोर ठरवायचं?"

त्याने गारेचा गोटा दुसऱ्या दगडावर वाजवून पाहिला. आवाज बद्द आला, टाकून दिला. दुसरा खणखणीत वाजला. नदीतल्या वाटोळ्या दगडाने त्याचं टोक उडवलं. मग मेंढ्याच्या शिंगाने कडेला ठोका दिला आणि बोटाएवढं लांब, पातळ पातं सुटलं. जळालेल्या मोटारीची तांब्याची तार जाड पिळून बाभळीच्या मुठीत बसवली होती. तिने दाबत त्याने कडेचे कपचे काढले. पात्याने कागद कापला गेला. शाळेच्या कपाटातल्या पात्यांत आणि यात मला फरक सांगता आला नाही. संशय वाढला.

"गुरुजींना काय सांगून दिली?"

"मी घडवलीत म्हणून. पोरांना दाखवायला मागितली त्यांनी."

"पुरावा?"

त्याने काच कापायची हिरकणी घेतली आणि पात्याच्या सपाट अंगावर दोन आडवे ओरखडे ओढले.

"पाट्याला टाकी लावली का कोपऱ्यात आपली खूण ठोकायची, ही आमची रीत हाय. वर्षानं बाई भांडायला आली, म्हणाली टाकी बोथट, तर खूण बघायची. आपली नसंल तर तिला म्हणायचं, जा, ज्यानं लावली त्याच्या दारात वरड."

"त्या पात्यांवर खूण नाही. मी पाहिलीत."

"उलटी करून?"

"उलट्या बाजूला नंबरच्या चिठ्ठ्या आहेत."

"मंग बघितली कुठं, साहेब?"

सोमवारी अकराही चिठ्ठ्यांखाली दोन-दोन आडवे ओरखडे निघाले.

ते नंतर ओढलेले असू शकतात, ही शंका राहिली. मोबाइलमध्ये बातमीच्या दिवशीचे फोटो होते. त्यात पाती पालथी मांडलेली होती आणि चिठ्ठ्या तेव्हाच लावलेल्या होत्या. पाच नंबरच्या चिठ्ठीचा कोपरा तेव्हाही फाटका होता, शाई तशीच फुटलेली होती. कपाटाची किल्ली त्या दिवसापासून मुख्याध्यापिकांकडे होती. कारागीर शाळेत आल्याचं कुणालाही आठवत नव्हतं.

शाळेच्या ओट्यावरून गुरुजींना फोन लावला.

"चिठ्ठ्या कुणी लावल्या?"

"मीच. का?"

"लावताना खाली ओरखडे दिसले होते?"

"आता लक्षात नाही," म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा लावला, उचलला नाही.

गुरुवारी दुरुस्तीची बातमी आतल्या पानावर आली. कॉलेजने कार्यशाळेला नवी तारीख दिली. त्या दिवशी कारागीर दहाच्या एसटीने दौंडला उतरला. सोबत गारेच्या गोट्यांची गोणी आणि हिरकणी होती.