सावडीला न आलेले

जुन्नरच्या एसटी स्टँडवर ती बाई माझ्या शेजारी बसली, म्हणजे मला कोपराने सरकवून बसली. डोंगराकडच्या गावची असावी. बोटाने मिश्री घासत ती खुशाल माझ्या मोबाइलमध्ये डोकावत होती.

बातमी देणारी मुलगी लग्नाचं आमंत्रण द्यावं तशा उत्साहात सांगत होती की, तापमानवाढ रोखायचा शब्द दिलेल्या देशांनी कामाचा आढावा घेतला आणि सगळे मिळून कमी पडले.

"सगळे मिळून?" मिश्रीचं बोट थांबलं. "कोन कमी पडलं त्याचं नाव न्हाई घेतलं?"

"नाही. तशीच पद्धत आहे."

"आमच्यात भातलावणीला सावड आसती. आज समदी माझ्या खाचरात, उद्या मी त्यांच्या. जो कामाला न येता नुसता जेवायला येतो, त्याचं नाव भर पंगतीत घेत्यात. औंदा पावसानं दडी मारली, माझं रोप जागीच करपलं. नाव कुनाचं घेऊ, भाऊ?"

पडद्यावर आढाव्याला जमलेले सगळ्या देशांचे पाहुणे हातात हात घालून, हसत फोटोला उभे होते. तिने एकेक चेहरा न्याहाळला आणि बाजूला पचकन थुंकली.

"जेवली आसतील पोटभर," ती म्हणाली.