खंडूभाऊंच्या दाढेतली फट

थेरगावात डांगे चौकाजवळ दातांच्या डॉक्टर विजयश्री ओव्हाळ यांचा दवाखाना कुठे, असं विचारलं तर पानवालाही सांगेल, "हाताला गुण आहे बाईंच्या, पण तोंड फाटकं!" वडील कंपनीत वेल्डर होते. जोड मनासारखा नाही उतरला तर ग्राइंडर फिरवून पुन्हा करणारा माणूस. लेक त्यांच्यावरच गेलेली. अर्धवट काम दिसलं की हिच्या मस्तकात तिडीक जायची, आणि मस्तकातून जिभेवर यायला तिला वेळ लागत नसे.

दोन दाढांच्या मधे कीड लागली की बहुतेक दवाखान्यांत दाढेभोवती सरळसोट पट्टी गुंडाळायची, मसाला भरायचा, मोकळं व्हायचं. दाढ दिसते झकास, पण शेजारणीला टेकत नाही. मग मेथीची भाजी रोज तिथे मुक्कामाला, आणि माणूस काडी घेऊन कोरत बसलेला. आधीच्या नोकरीत विजयश्री यावरून मोठ्या डॉक्टरांशी भांडली. "पेशंटला काय कळतंय?" ते म्हणाले. तिनं ॲप्रन काढून त्यांच्या टेबलावर टाकला आणि बाहेर पडली.

स्वतःच्या दवाखान्यात ती दाढेच्या कुशीला बसेल अशी छोटी बाकदार पट्टी लावते, बुडाशी पाचर आणि वर स्प्रिंगची रिंग. रिंग दोन्ही दाढांना केसभर दूर रेटते. भरून झाल्यावर ती काढली की दाढा परत एकमेकींना भिडतात आणि मधे कण शिरत नाही. वेळ दुप्पट जातो, तरी ती दुसऱ्या पद्धतीला हात लावत नाही.

महाळुंग्याचे खंडूभाऊ एका कारखान्यात फिटर. डावीकडच्या दाढा केव्हाच काढलेल्या, त्यामुळे भाकरी चावायची ती उजवीकडेच. तिथलीच एक दाढ किडली होती. विजयश्रीनं ती जीव ओतून भरली. "थोडे दिवस घट्ट वाटेल, हात लावायचा नाही!" असं बजावलंही होतं.

दोन महिन्यांनी खंडूभाऊ हिरडी सुजवून हजर. तिनं आरसा घातला आणि तिचे हात थांबले. दाढेच्या मधे चांगली फट पडली होती, कड घासलेली होती.

"काय केलंत हे?"

"काय न्हाई, मॅडम. लई टाइट बसलं व्हतं. फिलर गेजचं, म्हंजी फट मोजायच्या पट्टीचं, पातळातलं पातळ पातंबी जाईना. मंग जोर लावून सारलं, आन् मागनं पॉलिश पेपर फिरवला. आमच्याकडं फिटिंग जाम झालं की असंच करत्यात."

विजयश्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तोंड आहे की वर्कशॉप? घट्ट होतं म्हणजे बरोबर होतं! तेवढ्यासाठी कंबर मोडेस्तोवर वाकून काम केलं मी! तुमच्या मशीनला मी येऊन कानस लावली तर चालेल?"

बाहेर बसलेले दोघे पेशंट चपला घालून उठले. खंडूभाऊंनी मान खाली घातली.

एक्स-रे पाहून तर ती आणखीच भडकली. भरलेली दाढ पुन्हा दुरुस्त होणार होती. पण फटीत अन्न कुजून शेजारची धडधाकट दाढही किडली होती. खंडूभाऊंची चावायची उरलीसुरली बाजूही आता धोक्यात होती. हिरडी बधीर करताना तिचा आवाज चढलेलाच होता.

"टाइट वाटलं तर इथे यायचं ना! पाय मोडले होते?"

"आलतो की," खंडूभाऊ हळूच म्हणाले. "जिन्यापतुर आलतो. तुमी आत एका म्हातारीला बोलत व्हता, दात घासत न्हाई म्हणून. ती रडत व्हती. म्हनलं, आपल्याला काय ऐकून घ्यायचं? घरीच करू."

ती म्हातारी विजयश्रीला आठवली. तिचं रडणं मात्र आठवेना, कारण तिनं तिकडे पाहिलंच नव्हतं. स्वतःचा असा संताप तिला आजवर कधी आला नव्हता.

तिनं दोन्ही दाढा साफ केल्या, पट्ट्या बसवल्या, रिंग चढवली. काम नेहमीसारखंच चोख झालं. शेवटी आवाज शक्य तितका मऊ करून ती म्हणाली, "खंडूभाऊ, आता पुन्हा घट्ट वाटलं, तर या. मी रागावणार नाही."

"येतो की, मॅडम," खंडूभाऊ घाईघाईनं म्हणाले आणि तिची नजर चुकवून जिना उतरले.