पोस्टरे बुडवली नव्हती

“काकूनं उभी जिंदगी राग गिळून काढली, आन् डोक्स फिरल्याबराबर काकाचे सारे पोस्टर पाण्यात घालून हिशेब चुकता केला.”

हे वाक्य माझ्या पुतण्याचे. पत्नीच्या वर्षश्राद्धाला जेवणे उरकल्यावर, वरवट बकालहून आलेल्या तिच्या माहेरच्या मंडळींपुढे, त्याने ते सुपारी कातरत ऐकवले. मंडळी हसली. कुणीतरी भर घातली, “सवतीच होत्या त्या तिच्या, भितीवरच्या!” मंडळी पुन्हा हसली. पुतण्या बीबी गावात बियाण्यांचे दुकान चालवतो, आणि ज्या सकाळबद्दल तो इतक्या खात्रीने बोलतो त्या सकाळी तो बीबीलाच होता. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण श्राद्धाच्या दिवशी दारी आलेल्याचा पाणउतारा करू नये एवढी रीत मला कळते. पण संध्याकाळी नातीने मला बाजूला घेऊन विचारले, “आजोबा, आजी खरंच तुमच्यावर एवढी रागावलेली होती?” नात शिकायला बाहेरगावी असते. आजीच्या तिच्याजवळ मोजक्याच आठवणी आहेत, आणि त्यांच्या शेजारी हे वाक्य आता कायमचे बसू पाहते आहे. ते मी बसू देणार नाही.

मी बुलढाण्याच्या न्यायालयात कारकून होतो. बसस्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तेव्हा टॉकीजची लांब भिंत होती. दर आठवड्याला टॉकीजचा माणूस मैद्याच्या खळीची बादली घेऊन येई आणि जुन्या पोस्टरावरच नवे चिकटवून जाई; जुने काढण्याची पद्धतच नव्हती. अशा रीतीने सिनेमे एकमेकांच्या पाठीला चिकटत जात, भिंतीवर पुठ्ठ्यासारखा थर चढे, आणि पावसाळा सरता सरता त्याची एखादी लादी स्वतःच्याच भाराने सुटून लोंबू लागे. ती मी घरी आणी. या कामी माझी स्पर्धा फक्त बकऱ्यांशी होती. त्यांना मैदा आवडे.

मी नट्यांच्या चेहऱ्यांचा शौकीन होतो असे सांगणारेही आहेत. त्यांनी ती पोस्टरे कधी नीट पाहिलेली नाहीत. कुणा अनाम चित्रकाराने हाताने रंगवलेली, मग छापलेली ती चित्रे; गाल निळा, सावली हिरवी, अक्षरे पेटल्यासारखी. कुठल्याही शाळेत चित्रकलेचा मास्तर ज्यासाठी छडी मारेल ते सगळे तिथे राजरोस केलेले असे, आणि ते शोभे. मी ती कला म्हणून जमवली. ज्यांना याचे हसू येते त्यांच्या बैठकीत खतांच्या कंपनीचे कॅलेंडर टांगलेले असते.

लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा मी अशी एक लादी घरी आणली. पत्नीने ती उचलून पाहिली.

“हे काय? भितच उचलून आणली का?”

“यात पोस्टरं आहेत.”

“कुठी?”

“आत. एकाखाली एक.”

मी सुरी घेऊन बसलो आणि वरच्या नायकाचे नाक फाडले. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिने थोडा वेळ धीर धरला.

“अव्हो, काऊन फाडून राह्यले? सरका तिकडं.”

तिच्या माहेरी ज्वारीचे पापड फडक्यावर घालत. वाळले की फडके उलटे करून मागून ओले करायचे, आणि पापड सुटला की त्याला कळू न देता काढून घ्यायचा. ‘त्याला कळू न देता’ हे तिचेच शब्द. तिने लादी टबात भिजत घातली, भाकरी संपवल्या, जेवणे झाली, भांडी घासली, आणि मग एक कोपरा बोटाच्या पेराने उचलून तिने सबंध पोस्टर असे सोडवले की खालच्या चित्रातल्या बाईचा पदरही दुखावला नाही. त्या बाईकडे ती बराच वेळ पाहत राहिली. मग मला म्हणाली, “हिच्याही खाली असन का हो कोणी?”

तिथून पुढे ते काम तिचे झाले. भिजवणे आणि सोडवणे तिच्याकडे, ताज्या खळीने मांजरपाटाच्या कापडावर चिकटवणे माझ्याकडे. सिनेमाचे तिला काडीचे वेड नव्हते. टॉकीजमध्ये नेले तर मध्यंतराआधी झोपे. तिला खालचे काय निघते तेवढेच पाहायचे असे. माझ्या संग्रहात जे काही शाबूत होते ते तिच्या बोटांनी शाबूत ठेवलेले होते. ‘काकाचे पोस्टर’ असे म्हणणाऱ्या पुतण्याने निदान मालकी तरी नीट लावावी.

आता रागाचे. तिला राग येत नसे असे मी म्हणणार नाही. उलट त्या घरात दुसरे काही फारसे येत नसे. उन्हाळ्यात नळाला पाणी नसताना मी लादी आणली की ती अंगणातूनच सुरू होई: “तुमच्या या रंगवलेल्या रांडेले आंघोळ घालू का लेकराले?” आंबलेल्या खळीच्या वासावरून, मांजरपाटाच्या तुकड्यांवरून, मी जेवताना गप्प बसतो म्हणून, आणि बोललो तर बोललो म्हणून. पण तिचा राग तोंडातून निघे आणि भांडी घासून होईपर्यंत संपलेला असे. सकाळचा राग तिला दुपारपर्यंत सांभाळता येत नव्हता. अशा बाईने उभी जिंदगी राग गिळून ठेवला असे म्हणणाऱ्याने तिची एकदाही बोलणी खाल्लेली नाहीत एवढेच सिद्ध होते.

पुढे टॉकीज बंद पडली. भिंत पाडून तिथे दुकाने झाली. पोस्टरे कापडावर चढून लोखंडी पेटीत गेली, टब परसात पालथा पडला, आणि आम्ही म्हातारे झालो.

मग तिला विसर पडू लागला. आधी शेजाऱ्यांची नावे गेली, मग घराची वाट. सुनेला ती वहिनी म्हणू लागली आणि मला अधूनमधून पाहुण्यासारखे वागवू लागली. मी आत गेलो की डोक्यावरून पदर घेई. दिवस जाता जात नसे, म्हणून दुपारी मी पेटी उघडून एकेक पोस्टर तिच्यासमोर पसरत असे. चित्राकडे ती पाहतच नसे. नखाने कडेला चाचपत राही.

“हे निघालं नाही अजून.”

“निघालं आहे. तूच काढलंस.”

“खालचं कुठी निघालं?”

“खाली कापड आहे. काही नाही खाली.”

“असते,” ती मला समजावून सांगे, जसे वेंधळ्या मुलाला सांगावे तसे. “खाली असते.”

आमचा मुलगा हे ऐकत असे. तरीही त्या सकाळी त्याला ते आठवले नाही, आणि आजही आठवत नाही.

मी दूध आणायला गेलो होतो. परतलो तेव्हा पेटी रिकामी होती आणि ती परसात टबापुढे बसलेली, कोपरापर्यंत ओली. टबात सगळी पोस्टरे होती. रंग सुटून पाणी गढूळ जांभळे झाले होते, मांजरपाटाचे चौकोन बाजूला नीट घडी घालून ठेवलेले होते, आणि एक अर्धे सुटलेले पोस्टर तिच्या तळव्यांवर लगद्यासारखे पसरले होते. ती त्याच्याखाली बोटे सरकवत होती.

मुलगा माझ्या मागोमाग आला आणि ओरडला, “आई! काय केलं हे? बाबाची सारी कमाई होती ते! एवढा राग होता तुले?”

पुतण्याच्या वाक्याचा जन्म इथला. बीबीला ते फोनवरून गेले.

ती घाबरली. तिने मुलाकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा पदर न घेता. म्हणाली, “अव्हो, याले सांगा, हात लावू नोको म्हणा. वरचं निघून राह्यलं.”

मी ओरडलो नाही. याचे श्रेय मी घेत नाही. आवाज फुटला असता तर काय झाले असते मला ठाऊक नाही. पोस्टरांतले एकही वाचले नाही. पुढच्या पावसाळ्याआधी तीही गेली. पोस्टरांचे दुःख मला आहे, आणि ते कुणी हलके समजू नये. पण त्या दोन गोष्टींत कोणती मोठी हे पुतण्याने मला शिकवू नये.

मुलाचे म्हणणे असे की त्या आजारात माणसाच्या मनातले बाहेर येते. मान्य आहे. वाद मनात काय होते याचाच आहे. राग काढायचा असता तर परसात काठोकाठ भरलेला हौद होता, झाकण काढून पेटी त्यात उपडी करणे पुरेसे होते. तिने तसे केले नाही. पालथा टब तिने परसातल्या अडगळीतून एकटीने ओढून आणला. ती पौषातली सकाळ होती, आणि बुलढाण्याच्या पठारावरची थंडी ज्याने सोसली नाही त्याला सांगतो, हौदातल्या पाण्यात बोट धरवत नव्हते. तसल्या पाण्यात खळ सुटत नाही; कढत घातले तर कागद जागीच फाटतो. नासवणाऱ्याला हे माहीत असण्याची गरज नसते. चहा कसा करतात हे ती तेव्हा पार विसरलेली होती. मुलगा ओरडत असताना मी तिच्या शेजारी बसलो आणि तिच्या हातांखाली माझे हात टबात घातले.

पाणी कोमट होते.