येल्त्येमावशी, तीन गायी आणि बुटका पूल

तुम्ही कधी गायीला वाकायला सांगितलंय? नसेल सांगितलं, तर पूल बुटका होता की पाणी जास्त होतं, या विषयावर निदान माझ्याशी तरी वाद घालू नका. आमच्या फ्रिसलंडातल्या अर्ध्या गावाने घातलाय आणि सगळे हरलेत.

येल्त्ये बांगमा. सत्तरी उलटलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, पायात लाकडी बूट. गाव तिला मावशी म्हणतं आणि टरकूनही असतं. तिच्या तीन गायी हिवाळाभर गोठ्यात बसून वैतागतात. एप्रिल आला की त्यांना पडावात, म्हणजे सपाट तळाच्या होडीत, उभं करायचं आणि कालव्याने आतल्या बेटावरच्या कुरणात नेऊन सोडायचं, हा मावशीचा वर्षाचा सण. यंदा तर घरचं गवत संपलेलं. बेटावर पोचलं नाही तर तिघी उपाशी.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्याकडे पाणीमंडळ हिवाळ्यात कालव्याचं पाणी खाली ठेवतं आणि वसंतात वर चढवतं. मावशीचं म्हणणं, नेहमीपेक्षा चार बोटं जास्त चढवा. जमीन कडक झाली की टिटव्यांना किडे मिळत नाहीत, पिल्लं मरतात. शेजारच्या रिन्से होगेवेर्फचं म्हणणं बरोबर उलटं. त्याचा ट्रॅक्टर हत्तीएवढा, ओल्या जमिनीत रुततो. हिवाळाभर सभा झाल्या. मावशी बोलायची, मी ओरडायचो. कोट घातलेल्या लोकांना ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, हा माझा अनुभव. शेवटी चार बोटं मिळाली.

शनिवारी सकाळी निघालो. पुढे मी लांब काठी घेऊन, मागे मावशी, मध्ये गायी. ऊन कोवळं होतं, कालवा आरशासारखा पडलेला, काठाला पिवळ्या फुलांचे गठ्ठे, बोरूच्या बेटांत पाखरांची भांडणं. टिटव्या आभाळातून कोसळल्यासारख्या खाली यायच्या आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर. मावशी प्रत्येकीकडे असं बघत होती की जणू तिनेच निवडून आणलीय. मला कॉफी दिली, डब्यातून एक बिस्किट दिलं आणि झाकण लावलं. दुसरं मागायची आमच्यात पद्धत नाही.

वळणावर पायपूल आला. पुलावर रिन्से घडीची खुर्ची टाकून बसलेला, सोबत थर्मास. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडला. सभा गाजवताना आम्ही टिटवीचा विचार केला, कुरणाचा केला, मंडळाच्या अध्यक्षाचा तर फारच केला. पुलाचा कुणीच केला नाही. पाणी वर, म्हणजे पडाव वर, म्हणजे गायी वर. पूल जिथल्या तिथे. एवढा साधा हिशेब आख्ख्या पंचक्रोशीत एकट्या रिन्सेने केला आणि तो आम्हाला सांगायचं सोडून खुर्ची घेऊन आला.

सगळ्यात उंच गाय क्लास्के, ती पुढे. तिने पुलाच्या फळीवर हनुवटी टेकली आणि रिन्सेचा बूट चाटायला लागली. मावशीने खाली गवताची पेंढी धरली. क्लास्केने मान खाली घातली, खाल्लं, पण पाठ होती तिथेच. मान वाकवते, पाठ वाकवत नाही; या बाबतीत ती मावशीवर गेलीय.

रिन्से म्हणाला, त्याच्या शेतातून बेटाकडे मातीचा बांध जातो, फाटक उघडतो, गायी खुशाल ने. अट एकच. मावशीने इथे, त्याच्यादेखत, म्हणायचं की पाणी जास्त झालंय.

मी त्याच्या ट्रॅक्टरबद्दल आणि त्याच्या वडिलांबद्दल जे बोललो ते इथे लिहीत नाही. मावशीने मला खाली बसवलं.

"अगं, तीन शब्दांचा प्रश्न आहे," रिन्से म्हणाला. "बोल आणि मोकळी हो. गायींनी काय घोडं मारलंय?"

"चार बोटं मी मागून घेतलीत, रिन्से. मिळालेली वस्तू परत द्यायला मी काय दुकानातून आणलीय?"

बोलली खरी, पण नजर गायींवर होती. तिघींची पोटं खपाटीला गेलेली. मला वाटलं, आता म्हणते. रिन्सेलाही वाटलं, तो खुर्चीवरून पुढे सरकला. मावशीने लाकडी बूट काढले, गायींच्या पायांमध्ये उकिडवी बसली आणि पडावाच्या तळाचं बूच उपटलं.

पाणी कारंज्यासारखं आत आलं. बुडवतेस का आम्हाला, असं मी ओरडलो असेन, कारण ती म्हणाली, "गप. काठी धर आणि सरळ ठेव."

पडाव हळूहळू बसायला लागला. गायींनी आधी पाय उचलले, मग विचार बदलून पाणी प्यायला सुरुवात केली. पाणी घोट्याच्या वर आलं तसं मावशीने टाचेने बूच ठोकून बसवलं. मी काठी रेटली. क्लास्के पुलाखालून गेली, तुळईचं शेवाळ पाठीवर घेऊन. बाकीच्या दोघी तिच्यामागे, काहीच न घडल्यासारख्या.

पण पलीकडे पडाव हलेना. निम्मा कालवा आम्ही सोबत घेतलेला आणि बादली एकच. मी उपसत होतो, मावशी लाकडी बुटाने उपसत होती, कमरेवर हात ठेवून मध्येच थांबत होती. रिन्से पुलाच्या या कठड्याला येऊन बघत राहिला. मग खुर्ची मिटून निघून गेला. मी म्हटलं, गेला पळपुटा.

तो दोन बादल्या घेऊन आला, पॅन्ट वर खोचून पडावात उतरला.

"पाणी कमी करायचं असेल," तो म्हणाला, "तर मी कधीही तयार आहे."

"पडावातलं," मावशी म्हणाली.

"सध्या पडावातलं."

दुपारी बेटाला लागलो. फळी टाकल्याबरोबर तिघी शेपट्या उभारून अशा उधळल्या, लाथा झाडत, गोल गोल, की रिन्से हसला आणि मावशीने नाक जोरात शिंकरलं. मग दोघं तिथेच पाण्यावरून पुन्हा भांडायला लागले.

पुढच्या एप्रिलात पाणी इतकंच असणार, पूल तेवढाच, क्लास्के बहुधा आणखी जाड. उपसायला माणसं कमी पडतात. तेव्हा येताना आपली बादली घेऊन या, आणि कृपा करून मावशीसमोर पाणी जास्त आहे असं म्हणू नका.