येथे गाडी एकदाच येते

चौथ्यांदा गाडी ढकलत एस्तेर माझ्या अंगणात शिरली तेव्हा अकरा वाजले होते. मे महिना. शेडच्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. तिनं गाडी स्टँडवर चढवली आणि ओढणीनं तोंड पुसलं.

"मावशी, पुन्हा तेच. अर्धा तास पळाली की बंद. थांबलं की सुरू होते, मग परत बंद. शेवटी ढकलतच आणली."

"थंड झाली की चालू व्हती?"

"हो."

"आन् तू?"

"मी काय?"

"तू थंड झालीस का? माठातलं पानी घे आधी."

ती हसली. मी गाडीकडे वळले.

मिरजगावात मी एकेचाळीस वर्षं गॅरेज चालवलं. आता शटर बंद असतं. घरामागच्या शेडमध्ये पाने, जॅक आणि मी, असे तिघं राहतो. माझे मालक, म्हणजे नवरा, जाऊन सहा वर्षं झाली. मुलं पुण्यात, नातवंडं मोबाईलमध्ये. रविवारी ती मला त्यांचे दात दाखवतात, पडलेले आणि नवे आलेले. मग नेटवर्क जातं.

शेडच्या दारावर अजून एक पाटी आहे. लाल ऑइलपेंटनं मी स्वतः रंगवलेली, वय वर्षं चोवीस. 'येथे गाडी एकदाच येते.' म्हणजे एकदा माझ्या हाताखालून गेली की पुन्हा बिघडत नाही. तेव्हाची शकू, म्हणजे मीच, एक प्रकरणच होतं. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात एकटी मुलगी, त्यामुळे नाक कायम वर. मालक पंक्चरचं दुकान चालवायचे. पाटी बघून ते म्हणाले होते, "शकू, गाडी एकदाच आली तर आपण जेवायचं कितीदा?" तिला विनोद कळला नाही. तिला काहीच कळायचं नाही. एकदा एक ट्रक ड्रायव्हर पिशवीभर बोरं घेऊन आला. ही विचारते, "काय बिघडलं?" तो म्हणाला, "काही न्हाई, सहज आलतो." ही म्हणाली, "मग उभं कशाला राहायचं? मला कामं हायेत." बोरं ठेवून तो निघून गेला. पुन्हा आला नाही. पाटीप्रमाणेच झालं.

तर एस्तेर. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. या वर्षी तिची बदली खर्ड्याच्या बाजूला झाली. एसटीनं जायचं तर जामखेडला गाडी बदलायची, आणि एकीची वेळ दुसरीशी जुळत नाही. घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. गायकवाड गुरुजी रिटायर्ड आहेत आणि त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. रोज जाऊन-येऊन करता आलं तर ती घरी राहणार. नाहीतर तिकडे खोली घेणार आणि गुरुजींना बंगळूरला भावाकडे धाडणार. चौदावा मजला. मिरजगावात गुरुजींना प्रत्येक वळण पायाला पाठ आहे. तिथं ते लिफ्टची बटणं चाचपत बसणार. शाळा जूनच्या मध्यात उघडणार होती. तोवर गाडी भरवशाची व्हायला हवी होती.

गाडी भावाचीच. कॉलेजात असताना त्यानं ती भंगारातून आणली. साडेतीनशे सीसी, बिडाचं जुनं इंजिन, माझ्या थोरल्याच्या वयाचं. ती कस्टम करायची, म्हणजे आपल्या मनासारखी घडवायची, असं त्याच्या डोक्यात होतं. त्यानं मागचा मडगार्ड कापला. हँडल उंच केलं. मागे रुंद टायर घातला. मूळ टाकी काढून थेंबाच्या आकाराची छोटी टाकी बसवली आणि तिला लेथवर चकचकीत पितळी झाकण करून घेतलं. मग त्याला नोकरी लागली आणि गाडी सात वर्षं ताडपत्रीखाली गेली.

"नवी स्कूटी घे की," मी पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

"स्कूटी सगळ्यांकडे आहे, मावशी. पप्पांना आता दिसत नाही. पण या इंजिनाचा आवाज त्यांना फाट्यापासून ओळखू येतो. मी येतेय हे कळलं की ते दारात येऊन बसतील."

मी कामाला लागले.

रोजची गाडी आणि शोभेची गाडी यांत फरक असतो. रोजची गाडी सकाळी सातला दोन किकमध्ये सुरू झाली पाहिजे, वाटेत थांबता कामा नये आणि माणसाला उजेड आहे तोवर घरी आणलं पाहिजे. दिसायला कशीही चालेल. भावानं नेमकं उलटं केलं होतं. बॅटरी दिसायला नको म्हणून सीटखाली कोंबलेली. वायरींचे जोड सेलोटेपचे. मी सगळं वायरिंग उपसून नवं केलं. बॅटरीला पेटी केली. मडगार्ड लावला, सीट दोघांची केली, हँडल खाली आणलं. रुंद टायरमुळे चेन तिरकी धावत होती, चाकाच्या दात्यांना खात होती. तिथं वॉशर घालून ती सरळ रेषेत आणली. तीन आठवडे गेले. एस्तेर रोज यायची, हातानं काम करायची, ग्रीसनं माखायची आणि बोलायची. शाळेचं, पोरांचं, ज्याच्याशी लग्न ठरता ठरता राहिलं त्याचंही. मी म्हणे, "पाना धर." ती पाना धरायची आणि बोलायची.

मग ट्रायल सुरू झाल्या आणि हा अर्ध्या तासाचा रोग निघाला. प्लग बदलला, पॉइंट घासले, कॉइल बदलली. काही फरक नाही.

त्या चौथ्या खेपेला ती माठाकडे गेली आणि मी टाकीत पेट्रोल किती आहे बघायला पितळी झाकण फिरवलं. आतून आवाज आला, 'सूंऽ'. जोरात. कुणी खोल श्वास घ्यावा तसा.

मला तिथल्या तिथं कळलं.

तेलाचा डबा आठवा. एकच भोक पाडलं तर तेल थोडं येतं आणि थांबतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते, कारण आत हवा जाते. पेट्रोलच्या टाकीचंही तसंच. मूळ झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं. भावाच्या पितळी झाकणाला ते नव्हतं. लेथवाल्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी अर्धा तास पेट्रोल ओढायची, टाकीत पोकळी व्हायची, पेट्रोल अडायचं. थांबलं की हवा कुठूनतरी झिरपायची आणि गाडी चालू व्हायची. थंड होण्याशी काडीचा संबंध नव्हता. इलाज काय? ड्रिलनं एक भोक. दोन मिनिटं.

मी झाकण परत घट्ट लावलं.

"काय झालं असेल, मावशी?" पाण्याचा तांब्या हातात घेऊन ती आली.

"गरम व्हतीय," मी म्हणाले. "कार्बोरेटर खोलावा लागंल. बुधवारी ये."

हे लिहिताना मला हसू येत नाही, पण तेव्हा आलं होतं. एकाहत्तर वर्षांची बाई आणि खोड्या शाळेतल्या पोरीच्या. मनाला सांगितलं, शाळा उघडायला अजून वेळ आहे.

बुधवारी कार्बोरेटर खोलला. स्वच्छ होता, तरी धुतला. शुक्रवारी टॅपेट शिकवलं. इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या दांड्यांमधली ढील म्हणजे टॅपेट. इंजिन थंड असताना दांडी बोटांनी फिरली पाहिजे, वरखाली हलता कामा नये. एस्तेरची बोटं चांगली आहेत. दुसऱ्याच खेपेला जमलं. रविवारी चेन. मंगळवारी क्लचची केबल. दर वेळी ती ट्रायलला जायची, गाडी अर्ध्या तासानं बंद पडायची, आणि ती परत यायची. मी चहा टाकलेला असायचा. बारा दिवस असं चाललं. पुण्याचा फोन आला तर मी म्हणे, "आत्ता न्हाई, काम चालू हाय." हे वाक्य म्हणायला किती बरं वाटतं, ते रिटायर झालेल्या माणसालाच कळेल.

तेराव्या दिवशी ती मला न सांगता गुरुजींना मागे बसवून नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. रुईछत्तिशीच्या अलीकडे गाडी बंद पडली. सावलीला झाड नाही. तिनं किका मारल्या, थांबली, पुन्हा मारल्या; थोडं जाऊन गाडी परत बंद. गुरुजींना भोवळ आली. शेवटी कांद्याच्या रिकाम्या टेम्पोत गाडी आणि वडील दोघांना घालून ती थेट माझ्याकडे आली. टेम्पोवाल्यानं गाडी उतरवून दिली. एस्तेरचा चेहरा उन्हानं काळवंडला होता. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मावशी, राहू द्या आता," ती म्हणाली. "तुम्ही लई केलं. उद्या तिकडं जाऊन खोली पक्की करते. पप्पांचं बंगळूरचं तिकीट दादा काढतोय."

आणि ती सरबताला लिंबं आणायला समोरच्या दुकानात गेली.

गुरुजी माझ्या स्टुलावर बसले होते. मी ओला पंचा त्यांच्या मानेवर ठेवला. मग ते म्हणाले, "मिस्त्रीणबाई, गाडी टेम्पोत चढवल्यावर पेट्रोल हाय का बघायला तिनं झाकण काढलं. टाकीनं केवढा श्वास घेतला."

मी पंचा पुन्हा माठाच्या पाण्यात भिजवला.

"मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पोरांपुढं डब्याला दोन भोकं पाडून दाखवायचो. पोरं लई खूश व्हायची."

"गुरुजी..."

"एस्तेरला ते सुचलं न्हाई. माझ्या काळजीत व्हती. पन तुमच्यासारख्या माणसाला कळलं नसंल, असं मला वाटत न्हाई."

त्यांचे डोळे माझ्याकडे नव्हते. शेवग्याच्या झाडाकडे कुठंतरी होते. तरी मला तोंड लपवावंसं वाटलं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"बारा."

"ती इकडनं आली की घरी बोलायची," गुरुजी म्हणाले. "टॅपेट काय, क्लच काय. एरवी घरात आमी दोघं रेडिओच ऐकतो. म्हनून मी पन इचारलं न्हाई, इतका येळ का लागतोय. पन बंगळूरला मला धाडू नका, बाई."

एस्तेर लिंबं घेऊन आली तेव्हा मी ड्रिल मशीन लावत होते. पितळी झाकण बाकावर शिकंज्यात धरलं आणि सगळ्यांत बारीक बिटानं भोक पाडलं. पितळेचे दोन कुरळे तुकडे खाली पडले. फुंकर मारून झाकण तिच्या हातात दिलं.

"हे एवढंच व्हतं," मी म्हणाले. "टाकीला हवा मिळत नव्हती."

"हे आत्ता कळलं तुम्हाला?"

खोटं बोलायला जागा होती. गुरुजींनी ती मुद्दाम ठेवली होती. पण बारा दिवसांत मी पुरेसं बोलले होते.

"न्हाई. चौथ्यांदा ढकलत आणलीस, तवाच कळलं व्हतं."

तिनं झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग?"

"मग तू आली नसतीस."

सरबत तसंच राहिलं. तिनं झाकण लावलं आणि किक मारली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तिनं गुरुजींना मागे बसवलं आणि माझ्याकडे न बघता गेली. चाळीस मिनिटांनी फाट्याकडून आवाज आला, माझ्या घरावरून गेला आणि परत जामखेडच्या दिशेनं लांब गेला. ती ट्रायल घेत होती. संध्याकाळपर्यंत तीन वेळा गेली आणि आली. कुठं थांबली नाही. माझ्याकडेही नाही.

तिनं खोली घेतली नाही, हे मला किराणा दुकानात कळलं. गुरुजी मिरजगावातच आहेत. रोज पाचच्या सुमाराला दारात खुर्ची टाकून बसतात.

शाळा सुरू झाली. सकाळी सातला गाडी माझ्या घरावरून जाते, संध्याकाळी परत येते. मी चहा घेत आवाज ऐकते. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसं. चेन नीट. सायलेन्सर नीट. पहिले तीन आठवडे सगळं नीट होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते फारसं आवडलं नाही.

चौथ्या आठवड्यात, गुरुवारी, आवाजात बारीक 'टक टक' आली. टॅपेट. मी लगेच दोन स्टुलं झटकली, ग्रीसचा डबा बाहेर काढला, साखर आहे का बघितली. शुक्रवारी टकटक वाढली. शनिवारी मी गॅरेजचं शटर उघडलं. किती तरी दिवसांनी ते वर गेलं, आणि केवढं किंचाळलं!

रविवारी कुणी आलं नाही.

सोमवारी सातला गाडी गेली. टकटक बंद. तिनं स्वतःच केलं होतं आणि अचूक केलं होतं. थंड इंजिनावर, बोटांनी फिरवून. शिकवलेलं वाया गेलं नाही. मी चहाचा दुसरा कप मांडला होता, तो परत फडताळात ठेवला. पाटीवरची धूळ पुसली. चोवीस वर्षांच्या शकूनं लिहिलेलं एकही अक्षर अजून उडालेलं नाही. रंग चांगला होता कार्टीचा.

या धंद्यातून वाचकांना सांगण्यासारखं एवढंच. जुनी गाडी अर्धा तास चालून बंद पडत असेल, तर आधी टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. आणि मिस्त्री म्हातारा असेल, एकटा असेल आणि चहा फार चांगला करत असेल, तर गाडी आणखी एखाद्याला दाखवा.

टॅपेटला लागणारे माझे दोन पातळ पाने तिच्या टूलकिटमध्ये आहेत. चुकून राहिलेत, असं मी सांगणार आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.