टाकीखालची डिग्री

दुकानाच्या मालकांचे माझ्यावर उपकार आहेत, हे आधी लिहितो. दिंडोरीच्या शाळेत शिकलेल्या आणि झेंडू पिकवणाऱ्या घरातून आलेल्या मला नाशिकमध्ये त्यांच्याआधी कुणी खुर्ची दिली नव्हती. त्यांनी दिली. त्या बदल्यात माझी बीएस्सीची मूळ डिग्री त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेली. सोडून जाऊ नये म्हणून कागद ठेवून घ्यायचे, असं तेव्हा बऱ्याच ठिकाणी चालायचं. आमच्या घरात डिग्री म्हणजे तो एकच कागद होता. घरी आणला त्या दिवशी वडिलांनी हात धुतले, पुसले, आणि तरीही तो हातात घेतला नाही. नुसता वाकून पाहिला.

दुकान गंगापूर रोडला होतं. संगणकाचंच, पण त्या वर्षांत हौशी मुलांना पाण्याने थंड होणारे संगणक हवे असत. आत पंप, नळ्या, आणि काचेसारखी दिसणारी पाण्याची टाकी. पाण्यात रंग, टाकीच्या तळाशी एलईडी दिवे. अंधारात टाकी पेटल्यासारखी दिसायची. अशा टाक्या बाहेरून मागवणं महाग पडे, म्हणून मालक त्या मागच्या खोलीत बनवून घेत.

बनवायचे मिस्त्री. एकलहऱ्याहून सायकलवर येणारा पन्नाशीचा माणूस. आधी पाट्यांची अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापायचे. अ‍ॅक्रिलिकच्या पट्ट्या जुळवून फटीत सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडायचा, म्हणजे दोन तुकडे एकजीव होतात. मग कडेवरून गॅसची बारीक ज्योत फिरवायची, की कड आरशासारखी चमकते. सिरिंज कशी धरायची, श्वास कधी रोखायचा, हे सगळं त्यांनीच मला शिकवलं.

टाकी तपासायची दुकानाची एक रीत होती. सकाळी रंगीत पाणी भरायचं, खाली कागद ठेवायचा, दुकान बंद करताना कागद पाहायचा. पूर्वी वर्तमानपत्र ठेवत. पण एका कारागिराने ओला कागद बदलून कोरडा ठेवला आणि गिऱ्हाइकाचा संगणक जळाला. तेव्हापासून मालकांचा नियम होता की बनवणाऱ्याने स्वतःची अशी वस्तू खाली ठेवायची, जी बदलता येणार नाही. मिस्त्री बायकोचा फोटो ठेवत. ती वारली होती, आणि लग्नानंतर स्टुडिओत काढलेला तो काळापांढरा फोटो एकच होता. खिशातून काढायचे, प्लास्टिकमधून सोडवायचे, टाकीखाली सरकवायचे आणि निवांत डबा खायला जायचे. थेंबही पडायचा नाही.

एकदा एक गिऱ्हाईक मिस्त्रींना विचारत होतं, जोड एक दिवस वाळवता कशाला? मिस्त्री अडखळले. मी पुढे होऊन द्रावक, बाष्पीभवन असं बरंच सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "मिस्त्रींना त्यातलं शास्त्र माहीत नाही. ते सवयीने करतात."

मालक खूप हसले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मिस्त्रींना 'सवय' अशीच हाक मारायला सुरुवात केली. "ए सवय, चहा सांग रे." गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. मिस्त्री चहा सांगून यायचे. मीही एकदोनदा हसलो.

महिन्याभराने माझी पहिली टाकी तयार झाली. मालकांनी ड्रॉवर उघडला. "ग्रॅज्युएट, तुझी वस्तू तर माझ्याकडेच आहे."

"सर, ती नको. दुसरं काहीतरी ठेवतो."

"का? शास्त्रावर विश्वास नाही?"

डिग्री त्यांनी स्वतःच्या हाताने मांडली. मी टाकी शेवटची स्वच्छ करायला घेतली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही काच स्पिरिटने पुसायचो, तसं इथेही कापूस स्पिरिटमध्ये बुडवून सगळ्या कडा पुसल्या. मिस्त्री समोर बसून पाहत होते. मग निळं पाणी भरलं.

तीनच्या सुमाराला पहिला थेंब पडला. मी धावलो तोवर माझं नाव निळं झालं होतं आणि विद्यापीठाचा शिक्का पसरला होता. मालक म्हणाले, "आता दुसरीकडे कोण घेणार तुला? राहा इथंच."

मिस्त्रींनी कडेवरून नख फिरवलं. "स्पिरिट लावलं ना? ज्योत फिरवलेल्या कडेला स्पिरिट चालत नाय. केसासारख्या चिरा पडतात. नुसतं साबणाचं पाणी लावायचं."

"तुम्ही बघत होतात. सांगितलं का नाही?"

"मी काय सांगणार. शास्त्र तुमचं. माझी आपली सवय."

वडिलांना मी काही कळवलं नाही. मिस्त्रींशी बोलणं बंद केलं. पुढच्या पंधरवड्यात एका डॉक्टरच्या मुलासाठी उंच टाकीची ऑर्डर आली, लाल पाण्याची. मिस्त्रींनी त्यावर चार दिवस घालवले. इतकी सुंदर टाकी त्या दुकानात झाली नव्हती. सकाळी त्यांनी फोटो प्लास्टिकमधून काढला, टाकीखाली ठेवला, पाणी भरलं आणि डबा घेऊन मागे गेले.

मी कापूस घेतला. स्पिरिटची बाटली माझ्याच टेबलावर होती. खालच्या जोडावरून बाहेरून एकच हात फिरवला. किती वेळ लागला असेल? त्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला तेव्हा मी जागेवर बसलो होतो.

संध्याकाळी मालकांनीच फोटो उचलला. नवरीचा चेहरा लाल होऊन फुगला होता, कागदाचा वरचा पापुद्रा सुटला होता. मालक म्हणाले, "काय सवय, आज मोडलीस वाटतं."

मिस्त्रींनी जोडावरून नख फिरवलं. मग माझ्या टेबलावरच्या बाटलीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मालकांना त्यांनी काही सांगितलं नाही. फोटो शर्टाला टिपून खिशात ठेवताना मला एवढंच म्हणाले, "तुमची डिग्री परत मिळंल."

मिळाली. विद्यापीठात अर्ज केला, काही महिन्यांनी दुसरी प्रत आली. ती आज वडिलांच्या घरात चौकटीत आहे. त्यांनी चौकटीची काच मात्र हाताने पुसली.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. मी तिथे आणखी दोन वर्षं होतो. प्रत्येक टाकीखाली ते तोच लाल झालेला, चेहरा न उरलेला फोटो ठेवायचे. त्याच्यावर पुन्हा एक थेंबही पडला नाही.